कुष्ठरोग, लिव्हर, कोलेस्टेरॉल आणि ताटातलं जेवण: खान्देशातून सतत येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रुग्णांचे नसून घरच्यांचे असतात. आईच्या रिपोर्टचा फोटो, वडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणि खाली एकच ओळ, ‘हे नॉर्मल आहे का?’ प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका प्रश्नाचं अर्धं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात असतं. डोस कमी-जास्त करणं, गोळी बंद करणं हे मात्र इथे वाचून ठरवू नका. ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं काम.

१. कुष्ठरोग तर कातडीचा आणि नसांचा आजार. मग लिव्हरची तपासणी कशाला सांगतात?

या रोगाच्या जंतूला शरीरातला थंड भाग मानवतो, म्हणून चट्टे, बधिरपणा, नाक आणि हातापायाच्या नसा यांतच तो मुख्यतः दिसतो. पण जंतूंची संख्या खूप असलेल्या प्रकारात (एमबी) ते रक्तातून यकृतापर्यंतही पोचतात. अशा रुग्णांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बारीक गाठी सापडतात. तरीही यकृताचं काम सहसा चालू राहतं आणि एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) थोडंच वर-खाली होतं. खरी तपासणी लागते ती औषधांमुळे. रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन ही दोन्ही यकृतावर ताण आणू शकतात, पुढे रिअॅक्शन (या रोगात अचानक उसळणारी सूज आणि दाह) आली तर स्टेरॉइड लागतं, आणि घरात दारू किंवा जुनी कावीळ असेल तर ती आधीच हिशोबात असते. रिपोर्ट बिघडला की आम्ही आधी दारू आणि मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्या यांची चौकशी करतो. रोगाचा नंबर त्यानंतर लागतो.

२. लिव्हरचा रिपोर्ट आल्याशिवाय एमडीटी (कुष्ठरोगाच्या औषधांचा एकत्र कोर्स) सुरू करता येत नाही का?

येते. चट्ट्यावरची संवेदना गेली आहे, नस जाड झाली आहे, एवढ्या खुणा पटल्या की उपचार सुरू होतात. प्रत्येकाने आधी रक्त तपासलंच पाहिजे असं नाही. कधी कावीळ झाली असेल, रोज दारू असेल, टीबीची औषधं चालू असतील, हिपॅटायटिस बी किंवा सी माहीत असेल, तर मात्र ते पहिल्याच दिवशी सांगा. अशांची तपासणी आधी केलेली बरी. हिमोग्लोबिन सगळ्यांचंच पाहिलं तर चांगलं (प्रश्न १२). रिपोर्टसाठी धुळ्याला जायचं, मग भाचीचं लग्न, मग कापूस वेचणी, असं करत दोन महिने घालवू नका. तेवढ्यात नस कायमची जाऊ शकते.

३. रिपोर्टवर एसजीपीटी ५८ आहे आणि पुढे लाल ठसा आहे. गोळ्या थांबवू का?

नाही. बहुतेक लॅब ४० च्या आसपास वरची मर्यादा धरतात. त्याच्या दीडपट आकडा, तोही कसलाही त्रास नसताना, हे औषध थांबवायचं कारण नाही. साधारण हिशोब असा असतो: मळमळ, भूक मरणं, पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं, कावीळ यांपैकी काही असेल आणि आकडा मर्यादेच्या तिप्पट गेला, किंवा त्रास काहीच नसताना पाचपट गेला, तर डॉक्टर औषधं थांबवून कारण शोधतात. त्याच्या आत असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

एक सूचना. महिन्याचा मोठा डोस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. रिफॅम्पिसिनमुळे बिलिरुबिन (काविळीचा आकडा) थोडा वेळ वर जाऊन आपोआप उतरतं आणि उगाच घबराट होते.

४. या रोगाचा आणि कोलेस्टेरॉलचा काय संबंध?

जंतूच्या पातळीवर संबंध जुना आणि घट्ट आहे. नॉर्वेत हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू दाखवला. तो शरीरातल्या ज्या पेशीत राहतो तिच्यात चरबीचे थेंब साठत जातात आणि ती फेसाने भरल्यासारखी दिसते. या फेसाळ पेशींना फिरशॉ या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे. म्हणजे जंतू आपल्याच पेशीला चरबी गोळा करायला लावतो आणि त्या आडोशाने राहतो.

पण ही चरबी तुम्ही खाल्लेल्या तेलातुपातून येत नाही, आणि तेल सोडल्याने जंतू उपाशीही मरत नाही. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एमबी प्रकारात एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी आढळल्याच्या नोंदी आहेत, काहींत फरकच दिसलेला नाही. त्यामुळे लिपिड प्रोफाइलवरून (रक्तातल्या चरबीच्या तपासणीवरून) रोग वाढला की कमी झाला हे ठरवता येत नाही. ते हृदयाच्या हिशोबासाठी करायचं, इतर कुणाचंही करतात तसं.

५. कोलेस्टेरॉल फक्त १०५ आलं. हे तर चांगलंच ना?

जाहिरातींनी आपल्याला एवढंच शिकवलंय की आकडा जितका खाली तितकं बरं. धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसात तसं म्हणता येईल. पण वजन उतरलंय, भूक नाही, पायावर जुनी जखम वाहतेय आणि कोलेस्टेरॉल कमी, तर ती कुपोषणाची किंवा दीर्घ आजाराची खूण असू शकते. कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, त्यामुळे यकृत फार थकलं तरी आकडा पडतो. शेजारी अल्ब्युमिनचा (रक्तातल्या एका प्रथिनाचा) आकडा पाहा. तोही ३.५ च्या खाली असेल तर जेवण वाढवायचं आणि कारण शोधायचं. अल्ब्युमिन कमी असण्याचं एक वेगळं कारण प्रश्न १८ मध्ये आहे.

६. पथ्य काय? वांगं, अंडी, मासे, मीठ, आंबट सगळं बंद करायला सांगितलंय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्यातली बहुतेक पथ्यं डॉक्टरांनी नव्हे, घरातल्या मोठ्यांनी किंवा गावातल्या कुणा जाणत्याने सांगितलेली असतात. कुष्ठरोग कुठल्याही खाण्यामुळे होत नाही आणि कुठलंही खाणं सोडल्याने बरा होत नाही. दुधासोबत मासे खाल्ले म्हणून चट्टा उठला, हे खरं नाही. वांगं ‘वातूळ’ म्हणून बंद करणाऱ्या घरात थंडी पडली की भरीताचा घमघमाट सुटतो आणि आजारी माणूस पडवीत वरण-भात खात बसतो. त्याला भरीत द्या. कळण्याच्या भाकरीसोबत द्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं हे पीठ या भागातलं सगळ्यात शहाणं जेवण आहे, कारण धान्य आणि डाळ एकत्र आल्याने प्रथिनांची उणीव भरून निघते.

प्रथिनांवर एवढा भर का? नस सांभाळायची आहे, जखम भरून आणायची आहे आणि औषधांमुळे रक्त थोडं कमी होतं तेही भरून काढायचं आहे. रोज एक-दोन अंडी परवडत असतील तर द्या. नाहीतर मठ, मूग, चवळी, हरभरा, शेंगदाणे, ताक. मेथी, शेपू, राजगिरा यांतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका.

केळ्यांबद्दल रावेर-यावलकडून हमखास विचारतात. केळ्याने कफ होऊन चट्टे वाढतात, असं काही नाही. मधुमेह किंवा किडनीचा त्रास नसेल तर खुशाल खा.

कमी करायचंय ते वेगळंच. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, हॉटेलातली दाळ-बट्टी, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणाचं तेल. ज्यांचं वजन जास्त आहे, साखर आहे किंवा स्टेरॉइड चालू आहे, त्यांच्यासाठी हे गंभीर आहे (प्रश्न १३). हाडकुळ्या माणसाचं तेल मात्र तोडू नका.

स्वयंपाकघराची एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगते. ज्या बाईचे हात बधिर आहेत तिला तव्यावरची भाकरी बोटांनी उलटू देऊ नका आणि मांड्याच्या खापराजवळ तर मुळीच बसवू नका. भाजलेलं तिला कळत नाही. लांब दांड्याचा उलथना आणि चिमटा ठेवा. दुसरं कुणी चुलीशी बसलं तर त्याहून उत्तम.

७. गोळ्यांनी अंग काळं पडलं. लिव्हर खराब झालं म्हणून का?

नाही, हा एमडीटीतल्या क्लोफाझिमिनचा रंग आहे. हे औषध चरबीत विरघळतं, कातडीत आणि चरबीत साठतं आणि अर्धं शरीराबाहेर जायलाच दोनेक महिने लागतात. रंग तांबूस, मग काळपट होतो, चट्ट्यांच्या जागी जास्त. घामाचा, थुंकीचा रंगही बदलतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांपासून वर्षभरात तो बराचसा उतरतो. लग्नाच्या वयाच्या मुली यामुळे पाकिटं फेकून देतात, म्हणून घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

चरबीत विरघळत असल्यामुळे ही गोळी जेवणासोबत घ्यायची. भाकरी-भाजीत असतं तेवढं तेल किंवा पेलाभर दूध पुरतं. उपाशीपोटी घेतली तर ती कमी शोषली जाते आणि पोटही दुखतं. म्हणून ‘तेल बंद’ हे पथ्य इथे उलटं पडतं. कातडी कोरडी, खवल्यांसारखी होते. त्यावर उपाय: हात-पाय रोज पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, ओले असतानाच तेल लावा. खोबरेल चालतं, शेंगदाण्याचंही चालतं.

८. नवरात्राचा उपास आहे, रोजे आहेत. गोळ्या कशा घ्यायच्या?

रोजच्या गोळ्या दिवसातून एकदाच असतात, म्हणून अडचण फारशी नाही. उपासाला फराळासोबत, रोजे असतील तर इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घ्या. महिन्याचा मोठा डोस शक्यतो उपास नसलेल्या दिवशी ठरवा. ज्यांना स्टेरॉइड चालू आहे किंवा साखरेची गोळी चालू आहे त्यांनी कडक उपास धरू नये.

९. आमचे जिभाऊ रोज संध्याकाळी मोहाची घेतात. ऐकत नाहीत. गोळ्या देऊ की नको?

गोळ्या द्या आणि दारू चालू आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवलं तर तपासण्या होणार नाहीत आणि नुकसान त्यांचंच. घरगुती दारू म्हणजे ‘शुद्ध’ हा समज सातपुड्याच्या पायथ्याला फार आहे. यकृताला बाटलीतली आणि मडक्यातली दारू सारखीच. दारू पिणाऱ्याला अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाला येतील तशा देऊ नका, यकृताचं खरं वाटोळं तिथे होतं. पूर्ण सुटत नसेल तर निदान मोठ्या डोसच्या दिवशी तरी बंद ठेवायला लावा. तिथून सुरुवात होते.

१०. लघवी लाल झाली. कावीळ की काय?

महिन्याच्या डोसनंतर लघवी लालसर-नारिंगी होते आणि दिवस-दोन दिवसांत साफ होते. तो रिफॅम्पिसिनचा रंग. कावीळ असेल तर लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद पिवळी होते आणि तशीच राहते, अन्नाची शिसारी येते, उलट्या होतात, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. घोळ इथेच होतो, कारण क्लोफाझिमिनने डोळ्यांतही तांबूस छटा येते. डोळे दिवसाउजेडी बघा, बल्बखाली नको. शंका राहिली तर बिलिरुबिन तपासा.

११. खरंच कावीळ झाली तर?

त्या दिवसापासून एमडीटीच्या गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘गोळी स्वतःहून बंद करू नका’ या सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला असलेला हा मोठा अपवाद. पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळ गावोगाव असते, म्हणजे दोष औषधाचाच असेल असं नाही, पण ते तपासणीतूनच कळतं. यकृत पूर्ववत झाल्यावर औषधं पुन्हा सुरू करतात, कधी त्यातलं एखादं बदलून. राहिलेली पाकिटं नंतर पूर्ण करता येतात: एमबीची १२ पाकिटं १८ महिन्यांच्या आत, पीबीची (कमी जंतूंच्या प्रकाराची) ६ पाकिटं ९ महिन्यांच्या आत.

औषध सुरू केल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात ताप, अंगभर पुरळ, मानेत गाठी आणि सोबत कावीळ असं आलं तर ती साधी कावीळ नाही. ती डॅप्सोनची तीव्र अॅलर्जी असते आणि त्यात जीव जाऊ शकतो. उपकेंद्रात वाट पाहू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. अशा माणसाला आयुष्यात पुन्हा डॅप्सोन देत नाहीत. ते कागदावर ठळक लिहून घ्या.

काविळीत माळ घालणं, नाकात रस सोडणं यात दिवस घालवू नका.

१२. बिलिरुबिन वाढलंय पण एसजीपीटी नॉर्मल आहे. याचा अर्थ काय?

अनेकदा याचा अर्थ यकृत ठीक आहे आणि रक्तपेशी फुटत आहेत. डॅप्सोनने थोड्याफार पेशी सगळ्यांच्याच फुटतात. जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असेल तर हे फार जोरात होतं: थकवा, धाप, चेहरा पांढराफटक, लघवी कोलासारखी काळपट. सिकलसेल असलेल्यांचंही बिलिरुबिन मुळातच जास्त असतं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बरंच आढळतं, म्हणून तिकडच्या रुग्णाने सिकलसेलचं कार्ड असेल तर एमडीटी सुरू करतानाच दाखवावं. हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिनचा ‘इनडायरेक्ट’ आकडा पाहिला की उलगडा होतो. अशांना लिव्हर टॉनिकच्या बाटल्या देऊन काही साधत नाही.

१३. रिअॅक्शनसाठी स्टेरॉइड चालू आहे. तोंड सुजलं, वजन वाढलं, आता ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २६० आलंय.

लिपिड बिघडण्याचं या आजारातलं सगळ्यात मोठं कारण हेच. प्रेडनिसोलोन बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू उतरवत नेतात, निदान १२ आठवडे, कधी त्याहून जास्त. त्या काळात भूक भडकते, साखर आणि ट्रायग्लिसराइड चढतात, मिठामुळे सूज आणि बीपी वाढतं, पोटात आग होते, स्नायू आणि हाडं झिजतात. डोस उतरला की यातलं बरंचसं मागे येतं. म्हणून ट्रायग्लिसराइड २६० साठी लगेच वेगळी गोळी सहसा लागत नाही. ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला धोका असतो, तेव्हा मात्र थांबायचं नाही.

खाण्यात खरं पथ्य पाळायची वेळ हीच. चहातली साखर, गूळ, पुरणपोळी, बिस्किटं, मैद्याची खारी कमी. पापड, लोणचं, बिबड्या, फरसाण हे मिठाचे डोंगर, तेही कमी. भूक लागेल तेव्हा काकडी, मुळा, ताक, भाजलेले हरभरे. आखाजीला मांडे आणि आमरस समोर येणारच. एक वाटी रस आणि अर्धा मांडा खाऊन उठणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, पण प्रयत्न करा. दूध, तीळ, नागली हाडांसाठी. गोळी सकाळी नाश्ता करून घ्यायची.

सूज पाहून किंवा रिपोर्ट पाहून स्टेरॉइड स्वतःहून बंद करायचं नाही. अचानक तोडलं तर रिअॅक्शन उलटते, हात-पाय लुळे पडू शकतात आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवायची ताकद झोपलेली असल्याने माणूस कोसळूही शकतो. उलट बाजूही सांगायला हवी. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून हीच गोळी वर्षानुवर्षं घेणारे कमी नाहीत. सुरू करण्याआधी साखर, बीपी, टीबीची लक्षणं आणि हिपॅटायटिस बी पाहिलेलं असावं, कारण दबून बसलेला बी विषाणू स्टेरॉइडखाली डोकं वर काढतो.

१४. स्टेरॉइड चालू असूनही उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) दोन्ही नॉर्मल. म्हणजे मधुमेह नाही ना?

खात्रीने म्हणता येणार नाही. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर चढते ती दुपारी-संध्याकाळी. पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. एचबीए१सी डॅप्सोनवर असलेल्या माणसात फसवं असतं. रक्तपेशी लवकर फुटत असल्याने त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलमध्येही या तपासणीवर भरवसा नाही.

१५. कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू आहे. टीबीचीही औषधं आहेत. सगळं एकत्र चालेल?

स्टॅटिन चालू ठेवता येतं. यकृत औषधं ज्या गतीने मोडून टाकतं ती गती रिफॅम्पिसिन वाढवतं, पण महिन्यातून एकदाच्या डोसचा परिणाम रोजच्या डोसइतका नसतो. टीबीसाठी रिफॅम्पिसिन रोज असतं, तेव्हा स्टॅटिन, साखरेच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांचे डोस पुन्हा तपासावे लागतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत कुष्ठरोगाचा महिन्याचा रिफॅम्पिसिन डोस वेगळा घ्यायचा नसतो, बाकीची दोन औषधं चालू राहतात. दोन्ही पाकिटं एका डॉक्टरला एकाच वेळी दाखवा.

१६. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ आलं. एमडीटी चालेल?

चालेल. वजन, साखर, दारू यांकडे बघा. बाकी प्रश्न ३ आणि १३.

१७. कडू कवठाचं तेल, गुळवेल, बिब्बा सोबत दिला तर?

कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल हे एके काळी जगभर कुष्ठरोगाचं मुख्य औषध होतं, त्याची इंजेक्शनंही देत. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, त्यांतूनच डॅप्सोन आलं आणि ते तेल मागे पडलं. आता ते पोटात घ्यायचं काही कारण नाही. गुळवेल बिनधोक समजली जाते, पण ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. एमडीटी चालू असताना नको, कारण पुढे एसजीपीटी वाढलं तर दोष कुणाला द्यायचा तेच कळत नाही. बिब्बा बधिर कातडीवर लावला की खोल भाजतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

१८. उपचार संपून दहा वर्षं झाली. पाय सुजतात, कोलेस्टेरॉल ३२० आणि अल्ब्युमिन कमी. लिव्हर गेलं का?

लघवीला फेस येतो का, ते बघा आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. अल्ब्युमिन कमी आणि कोलेस्टेरॉल खूप जास्त ही जोडी बहुधा किडनीकडे बोट दाखवते. वर्षानुवर्षं वारंवार गाठींची रिअॅक्शन आली असेल किंवा तळपायाची जखम कधी पूर्ण भरलीच नसेल, तर अॅमिलॉइड नावाचं प्रथिन किडनीत आणि यकृतात साचू शकतं. इथे तेल-तूप बंद करून भागणार नाही, किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. जखम भरून आणणं हाही त्याच उपचाराचा भाग.

१९. घरात रुग्ण सापडला म्हणून आशाताई सगळ्यांना एकच गोळीचा डोस देणार आहेत. आधी लिव्हर तपासू का?

तो प्रतिबंधासाठीचा रिफॅम्पिसिनचा एकच डोस. निरोगी माणसाला त्यासाठी रक्ततपासणी लागत नाही. मात्र घरात कुणाला यकृताचा किंवा किडनीचा आजार असेल, कुणी गरोदर असेल, बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, टीबीची लक्षणं असतील किंवा स्वतःच्या अंगावर चट्टा असेल, तर गोळी तोंडात टाकण्याआधी आशाताईंना सांगा; अशांना हा डोस देत नाहीत. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी लाल लघवी पाहून दवाखाना गाठू नये.